शून्याच्या पुढे दोन सेकंद

क्रोनोग्राफ घड्याळ मनगटावर बांधणाऱ्याला जन्मभर एकच बातमी ऐकावी लागते: ‘अहो, तुमचं घड्याळ बंद पडलंय.’ बँकेच्या रांगेत, एसटीत, तेराव्याच्या पंगतीत शेजारचा कोणीतरी वाकून बघतो आणि हळहळत सांगतो. चूक त्याची नाही. या घड्याळात मधोमध जो लांबलचक, दिमाखदार सेकंदकाटा असतो तो चालत नाही. चालणं हे त्याचं कामच नाही. बाराच्या खुणेशी तो ताठ उभा असतो आणि बाजूचं बटण दाबलं तरच निघतो. रोजचे सेकंद मोजणारा बिचारा काटा डावीकडच्या एका छोट्या तबकडीत, कोणाचं लक्ष नसताना, रात्रंदिवस फिरत असतो. राबणारा कोपऱ्यात आणि नुसता उभा राहणारा मधोमध, ही रचना पाहिल्यावर उभी हयात सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला ते घड्याळ आपलंसं वाटलं तर नवल नाही.

आमच्या साडूंना वाटलं. निवृत्तीनंतर विनायकरावांनी जुन्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्याकडून चावीचं एक स्विस क्रोनोग्राफ घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. पुढे जे घडलं त्यात तिचा दोष नाही. घड्याळ मात्र देखणं. डावीकडे चालत्या सेकंदांची तबकडी, उजवीकडे मिनिटं मोजणारी. बाहेर दोन बटणं: वरचं काटा चालू-बंद करायला, खालचं शून्यावर आणायला. मिनिटांची तबकडी तिसापर्यंतच होती. तीस मिनिटांपलीकडे मोजावं असं स्विस माणसाच्या आयुष्यात काही घडत नसावं.

आपल्या आयुष्यात काय मोजायचं, हा प्रश्न घड्याळ घरी आल्यावर उभा राहिला. डायलच्या कडेला वेगाचे आकडे होते. किलोमीटरचा दगड आला की बटण दाबायचं, पुढचा आला की पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यासमोर थांबेल तो ताशी वेग. हिशेब सरळ आहे, ३६०० ला सेकंदांनी भागायचं. तीस सेकंद लागले तर १२०, छत्तीस लागले तर १००. पण हे आकडे खाली साठपाशी संपतात, कारण साठाव्या सेकंदाला काट्याची फेरी पुरी होते. पुणेकराला साठच्या वरचा वेग मोजायचा तर आधी पुण्याबाहेर पडायला हवं, आणि पुण्याबाहेर पडायला लागणारा वेळ तीस मिनिटांच्या तबकडीत मावत नाही. तरी मुंबईच्या द्रुतगती मार्गावर त्यांनी प्रयोग केलाच. छत्तीस सेकंद भरले. ‘शंभर!’ ते मागच्या सीटवरून ओरडले. गाडी चालवणारा मुलगा समोर बघत म्हणाला, ‘हो बाबा, इथे काचेखालीही तेच लिहिलंय.’

स्वयंपाकघरातही डाळ शिजली नाही. आपल्याकडे कुकरचा काळ मिनिटांत नसतो, शिट्ट्यांत असतो. रवा ‘खमंग वास सुटेपर्यंत’ भाजायचा, पाक ‘एकतारी होईपर्यंत’ ठेवायचा, लोणचं ‘मुरेपर्यंत’ थांबायचं. यातल्या कशालाही बटण नाही. ‘अहो, तिसरी झाली का ते सांगा फक्त,’ मेव्हणीने गॅसजवळून बजावलं, ‘सेकंद नकोत मला.’

अशा, सेकंदांची कोणालाच गरज नसलेल्या घरात तो काटा बिघडला.

बिघडला म्हणजे शून्यावर येईना. खालचं बटण दाबलं की झटकन परतायचा आणि बाराच्या खुणेच्या किंचित पुढे थांबायचा. आधी एक सेकंद पुढे, मग दोन. घड्याळाची वेळ बिनचूक होती; तास, मिनिटं आणि कोपऱ्यातला तो राबणारा काटा, सगळे ठाकठीक. पण विनायकरावांची झोप उडाली. त्यांच्या खात्यात दोन वर्षं रखडलेल्या कामाला ‘प्रगतिपथावर’ म्हणायची रीत. तिथे केस पांढरे केलेला माणूस आता दोन सेकंदांसाठी तळमळू लागला. ‘दोन सेकंद म्हणजे दहा ठोके,’ ते मला समजावत. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. हिशेब चोख होता. फक्त त्या दहा ठोक्यांत त्यांचं कोणतं काम अडलं होतं, ते काही कळत नव्हतं.

अपोलो १३ ची गोष्ट ते अशा वेळी हटकून काढत. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर यानातली प्राणवायूची टाकी फुटली, वीज वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रणा बंद कराव्या लागल्या, आणि परतीच्या वाटेवर दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते सेकंद जॅक स्वायगर्ट यांनी मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले. ‘आता समजा, त्यांचा काटा आधीच दोन सेकंद पुढे असता तर?’ विनायकराव सगळ्यांकडे बघत विचारत. ‘तर सोळावर बंद केलं असतं,’ चौथीतल्या नातवाने पटकन उत्तर दिलं. त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला बसवण्यात आलं.

दुखणं सांगितलं की औषध सांगायचं, हा आपला समाजधर्म आहे. शेजाऱ्यांनी घड्याळ रात्रभर तांदळात पुरून ठेवायला सांगितलं. त्यांचा पाण्यात पडलेला मोबाइल तसा बरा झाला होता. कोणी पट्टा धरून दोनदा झटका म्हणालं. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने ‘काका, सेल बदला’ म्हणून निकाल दिला. यात सेल नसतो म्हटल्यावर ‘मग चालतं कशावर?’ असं त्याने इतक्या निरागसपणे विचारलं की विनायकराव चिडूही शकले नाहीत. भाच्याचा सल्ला सर्वांत अभ्यासू: चावी बाहेर ओढा आणि बटण दाबत राहा, काटा टिकटिक करत शून्यावर येईल. सल्ला बरोबर आहे, पण सेलवर चालणाऱ्या क्रोनोग्राफसाठी. तिथे मोठ्या काट्याला बहुधा स्वतःची मोटर असते आणि शून्य कुठे आहे ते तिला नव्याने शिकवता येतं. चावीच्या घड्याळातला काटा शिकण्यापलीकडचा. त्याला शून्यावर हाणूनच आणावं लागतं.

हाणून म्हणजे अक्षरशः. मोठ्या काट्याच्या चाकावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची एक चिमुकली चकती बसवलेली असते. खालचं बटण दाबलं की एक हातोडी स्प्रिंगच्या जोराने तिच्या कडेवर आपटते. कड अशी बेतलेली की हातोडी कुठेही पडो, ती घसरत घसरत बदामाच्या खाचेकडेच जाते, आणि जाता जाता चकतीला, चकतीसकट चाकाला, चाकासकट काट्याला फिरवून मूळ जागी आणून उभं करते. काटा विसाव्या सेकंदावर असेल तर मागे फिरून, चाळिसाव्यावर असेल तर पुढे जाऊन, म्हणजे नेहमी जवळच्या वाटेने. सगळं पापणी लवायच्या आत. ही एवढी मारामारी त्या शांत, मखमली डायलखाली चालते याचा पत्ता वरून लागत नाही.

हे सुचायला माणसाला वेळ लागला. १८२१ साली पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्‍यूसेक यांनी जे यंत्र लावलं, ते प्रत्येक घोडा रेघ ओलांडताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. ठिपक्यांच्या जागेवरून वेळ काढायची आणि ठिपके पुसून पुढच्या शर्यतीला तयार. बिघडण्यासारखं शून्य त्यात नव्हतंच. १८४४ साली अॅडॉल्फ निकोल यांनी त्या बदामी चकतीचं पेटंट घेतलं. काट्याला शून्यावर परतायची सोय झाली, आणि सोय झाली म्हणजे ती अधूनमधून न होण्याचीही वाट मोकळी झाली.

विनायकराव दुरुस्तीला निघाले तेव्हा मी सोबत होतो. पहिल्या दुकानातल्या माणसाने भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं, आत बराच वेळ बघितलं आणि झाकण जसं होतं तसं लावून टाकलं. ‘साहेब, मी एचएमटी जनता करतो,’ तो म्हणाला. दुरुस्तीच्या धंद्यात याहून प्रामाणिक वाक्य मी ऐकलेलं नाही. क्रोनोग्राफ म्हणजे साध्या मशीनच्या पाठीवर चढवलेलं दुसरं मशीन: तरफा, खटके, केसाएवढ्या स्प्रिंगा. ते उघडून ‘बघू या तरी’ म्हणणाऱ्यांनी किती घड्याळं डबीतल्या सुट्या भागांच्या रूपाने मालकाला परत केली असतील, देव जाणे.

त्यानेच पेठेतल्या एका वयस्कर घड्याळजींचा पत्ता दिला. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, पण उघडलं नाही. आधी प्रश्न.

‘काटा दर वेळी त्याच जागी थांबतो, की जागा बदलते?’

प्रश्न मार्मिक होता. दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर काटा बसवतानाच तिरका बसलाय; उचलून नीट बसवला की काम झालं. जागा बदलत असेल तर दुखणं खोल. विनायकरावांनी खिशातून वही काढली. तारीखवार नोंदी होत्या. घड्याळजींनी वहीकडे न बघता पुढचा प्रश्न टाकला.

‘मिनिटाचा काटा शून्यावर येतो?’

येत होता. ‘मग हातोडी पुरी पडतेय,’ ते पुटपुटले. या मशीनमध्ये एकाच हातोडीला दोन टोकं असतात, एक सेकंदांच्या बदामावर, दुसरं मिनिटांच्या. एक नीट पडत असताना दुसऱ्याने कुचराई करायचं कारण कमी.

‘मोठा काटा चालू ठेवला की घड्याळ मंदावतं का? थांबतं का?’ नव्हतं. म्हणजे तेल सुकलेलं नाही. तेल सुकलं की जादा चाक ओढताना बॅलन्स व्हीलचा झोका आखडतो आणि घड्याळ मान टाकतं.

‘निघताना काटा उडी मारतो?’

‘मारतो!’ विनायकराव खुर्चीत पुढे सरसावले. डॉक्टरांनी न सांगता अचूक लक्षण ओळखलं की पेशंटला जो आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. ‘कधी पुढे, कधी चक्क मागे!’

‘तो रोग नाही, स्वभाव आहे,’ घड्याळजी म्हणाले.

घड्याळातलं एक चाक अखंड फिरत असतं आणि मोठ्या काट्याचं चाक स्वस्थ उभं. बटण दाबलं की मधलं एक चाक बाजूने सरकतं आणि दोघांची गाठ घालून देतं. दादरला थांबायच्या आत लोकल पकडणाऱ्याचा पाय फूटबोर्डवर पडताना जसा हिसका बसतो, तसा तो हिसका आहे. दात दाताच्या फटीत नीट पडला तर काटा अलगद निघतो, दातावर दात आला तर उडी. ही उडी टाळायची म्हणून एकावर एक दाबणाऱ्या चकत्यांची दुसरी पद्धत निघाली. १९६९ मध्ये आलेल्या सेइकोच्या ६१३९ या मशीनमध्ये ती आहे आणि तिथला काटा अदबीने निघतो. विनायकरावांच्या घड्याळाच्या नशिबात ती अदब नव्हती. उडीची तक्रार वहीतून खोडण्यात आली.

मग झाकण उघडलं. घड्याळजींचा पहिला संशय कचऱ्यावर होता. बाहीचा धागा, पट्ट्याचा भुसा, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारं काहीही एखाद्या दातात अडकतं आणि मालक सगळ्या जगाला दोष देत फिरतो. ‘माझ्याकडे कचरा कसा जाईल?’ विनायकराव दुखावले. ‘मी मखमलीच्या डबीत ठेवतो.’

‘लीलावतीच्या घटिकापात्रात तर मोती गेला होता,’ घड्याळजी भिंगातून मान वर न करता म्हणाले.

ही गोष्ट आपण शाळेत गणिताच्या तासाला ऐकलेली, पण दुरुस्तीच्या टेबलाशी बसून ऐकली की तिचा रंग बदलतो. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा एकच मुहूर्त होता. तो साधायला घटिकापात्र मांडलं: तळाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यात तरंगत ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. उपसून पुन्हा सोडायचं. शून्यावर आणायची सोय होतीच. मुलगी कुतूहलाने पात्रात डोकावली, दागिन्यातला मोती निसटून भोकात बसला, पाणी शिरेना, पात्र बुडेना, आणि सगळे निवांत बसलेले असताना मुहूर्त निघून गेला. दंतकथाच आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली ‘लीलावती’ फारसीत नेली, तिच्या प्रस्तावनेत ती येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. त्यात मठाला दिलेल्या देणग्या आहेत, मोती नाही. पण घड्याळजींच्या धंद्यातला माणूस या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण वेळ मोजणारं यंत्र कसं बिघडतं ते तिच्यात बिनचूक सांगितलंय: कोणीतरी बघायला वाकतं.

या घड्याळात मोती नव्हता. धागाही नव्हता. घड्याळजींनी मशीन केसमधून बाहेर काढलं, खालचं बटण दाबलेलं राहील अशी युक्ती केली आणि लाकडी काडीच्या टोकाने मोठ्या काट्याला हलकेच ढोसलं. काटा हलला. चाक हललं नाही. बदाम जागेवर, हातोडी जागेवर, आणि काटा एकटाच डुलतोय.

हा काटा कशाने बसवलेला असतो, हे ऐकून मी चकित झालो. स्क्रू नाही, डिंक नाही, झाळण नाही. काट्याखाली एक इवलीशी नळी असते, ती बारीक दांडीवर दाबून बसवायची. झालं. सगळी भिस्त पकडीवर. आता शून्यावर आणताना हातोडीच्या तडाख्याने दांडी जागच्या जागी थांबते, पण लांब काटा वेगात असतो. पकड थोडी सैल असेल तर तो केसभर पुढे घसरतो. पुढच्या तडाख्याला आणखी केसभर.

‘हे रोज किती वेळा दाबता?’ घड्याळजींनी विचारलं.

‘मी? क्वचित,’ विनायकराव म्हणाले, आणि खरंच बोलले. पण त्यांच्या घरी येणाऱ्या माणसाने चहाआधी घड्याळ बघितल्याशिवाय राहू नये अशी व्यवस्था होती, आणि घड्याळ हातात घेतलेला कोणताही मराठी माणूस ‘हे कशाला असतं?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता दाबतो. वरचं दाबतो, काटा पळाला म्हणून खूश होतो. पुन्हा दाबतो, थांबला म्हणून आणखी खूश. मग खालचं. दिवाळीच्या चार दिवसांत त्या हातोडीने जेवढे घाव घातले असतील, तेवढे आधीच्या स्विस किंवा कोणा मालकाने वर्षभरात घातले नसतील. विनायकरावांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरची घड्याळं बघू लागलो. त्या दुकानात ती भरपूर होती आणि प्रत्येक वेगळी वेळ दाखवत होतं.

दुरुस्ती स्वतः फार वेळाची नव्हती. डायलला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवला, दोन बारीक तरफांनी काटा सरळ वर उचलला, नळीचं तोंड अगदी किंचित आवळलं. मग हातोडी बदामावर दाबून धरलेली असतानाच, भिंगातून बारा वाजल्याची खूण बघत, काटा दांडीवर टेकवला आणि दाबला. चालू, बंद, शून्य. चालू, बंद, शून्य. निरनिराळ्या सेकंदांवरून त्यांनी काटा परत बोलावला आणि तो दर वेळी बाराच्या रेघेवर रेघ होऊन उभा राहिला. मजुरी ऐकून विनायकरावांनी कपाळाला आठी घातली नाही, यावरून काय ते समजा. निघताना घड्याळजींनी पथ्य सांगितलं: पाहुण्यांना लांबून दाखवा.

शून्य बरोबर आल्यावर आता मोजण्यासारखं काहीतरी हवं होतं, आणि ते पुतणीच्या लग्नात मिळालं. पत्रिकेत मुहूर्त छापला होता दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. साडेबाराही नाही, पाऊणही नाही, सदतीस. विनायकरावांना इतका नेमका आकडा अनेक वर्षांत कोणी दिला नव्हता. मंगल कार्यालयात ते अंतरपाटाच्या अगदी जवळ, मनगट छातीशी धरून उभे राहिले. १२:३७ झाले आणि त्यांनी वरचं बटण दाबलं. काटा निघाला. उडी मारली की नाही ते बघायला त्यांना सवड नव्हती.

नवरदेव पाटावर होता, गुरुजी तयार होते, अक्षता वाटून झाल्या होत्या. मुलीला आणायचं ते तिच्या मामांनी, आणि मामा गाडी लावायला जागा शोधत होते. गुरुजींनी एकदा बाहेर बघितलं आणि मंगलाष्टकं लांबवायला घेतली. ती संपल्यावर मोठ्या मावशीने स्वतः रचलेलं म्हटलं. तिचं झाल्यावर धाकटीने, कारण मोठीने म्हटलं होतं. एका काकांनी गंगासिंधूपासून पुन्हा सुरुवात केली. मुलांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. पंगतीच्या बाजूने जिलबीचा वास यायला लागला तशी मागची रांग पातळ झाली. शेवटी मामा धापा टाकत आले, मुलगी आली, अंतरपाट दूर झाला, ताशे वाजले, आणि विनायकरावांनी बटण दाबलं.

गुरुजींनी त्यांना मघापासून हेरलं होतं. गर्दी जरा सरल्यावर ते उपरण्याने मान पुसत जवळ आले. ‘किती झालं हो?’ त्यांनी हळूच विचारलं.

विनायकरावांनी मनगट पुढे केलं. मिनिटांच्या तबकडीतला काटा तिसाचा फेरा पुरा करून जिथून निघाला होता तिथे, शून्यावर, येऊन उभा होता. मधला मोठा काटा शून्याच्या किंचित पुढे थांबला होता.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून डायल जवळून न्याहाळलं.

‘दोन सेकंद?’ ते म्हणाले. ‘एवढं शास्त्रात चालतं.’